तीन मुक्कामांवरचं आजोळ

आमच्या घरात कोस मोजायची रीत नव्हती. शेत बिडीभर लांब, ओढा हाकेवर, हिंगोली एका मुक्कामावर आणि माझं आजोळ तीन मुक्कामांवर, असं आमचं मोजमाप. मुक्काम म्हणजे प्रवासात रात्र काढायचं घर, आणि ते घर सोयऱ्याचंच असलं पाहिजे हा आमच्याकडचा दंडक. सराई होती, देवळं होती, झाडाखाली गाडी सोडून भाकर खायलाही कुणाची ना नव्हती. पण सोयरा असताना सराईत उतरायचं म्हणजे त्याचं नाक कापल्यासारखं. त्यामुळे आमची गाडी रस्त्यानं कमी आणि नात्यानं जास्त चालायची.

आम्ही कळमनुरीत राहायचो. तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं आणि पैनगंगा ओलांडली की इंग्रजांचं वऱ्हाड लागायचं. आईचं माहेर त्या वऱ्हाडातलं. तिकडं जायचं तर पहिला मुक्काम हिंगोलीला थोरल्या आत्याकडे, दुसरा कनेरगावाजवळ आईच्या मावशीकडे, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजोळ. ऐकायला हे तीन दिवस वाटतात. पण आत्या आलेल्या भावाला दुसऱ्या दिवशी कधी सोडायची नाही. ती जुवाच्या शिवळा, म्हणजे बैल जुंपायच्या खुंट्या, काढून धान्याच्या कणगीत लपवून ठेवायची आणि वडील शोधायला लागले की आपल्याला काही ठाऊकच नाही असं तोंड करायची. मावशीकडे पुरणावरणाचं जेवण झाल्याशिवाय निघायचं नाही, आणि पुरण नेमकं दोन दिवसांनीच व्हायचं. येताना पुन्हा तीच घरं, तीच तऱ्हा. असा पंधरवडा सहज उडायचा.

आणि चुकवायची सोय नव्हती. आमचे एक चुलते हिंगोलीच्या बाजारातून आत्याकडे न डोकावता परस्पर परत आले होते. आत्या त्यांच्या मुलीच्या लग्नाला आली, पण मांडवात सबंध वेळ नवरा-नवरीकडे पाठ करून बसली. तेव्हापासून आमच्याकडे कुणी तसलं धाडस केलं नाही.

मी पाच वर्षांची असताना आई मला घेऊन माहेरी गेली होती. त्यानंतर दर वर्षी जायचं ठरायचं आणि दर वर्षी मोडायचं. पेरणी झाली की कोळपणी, कोळपणी झाली की खुडणी, मग रास, मग पुन्हा नांगरट. बैल पंधरा दिवस मोकळे असे कधी नसतच. वडील काही दुष्ट माणूस नव्हते. औंदा न्हाई, पुढल्या साली नक्की, असं ते मनापासून म्हणायचे आणि आईही बरं म्हणायची. सासरच्या बायका तिच्या वऱ्हाडी बोलण्याला हसायच्या, म्हणून तिनं 'मले-तुले' म्हणणंसुद्धा सोडून दिलं होतं. माहेरचं म्हणून तिच्याजवळ काही उरलंय की नाही असं मला कधीकधी वाटायचं.

मी चौथीत होते त्या वर्षी आजोळचा निरोप आला. निरोपही आमच्यासारखाच मुक्काम करत यायचा, आधी मावशीकडे, मग आत्याकडे, मग आमच्याकडे. तो सांगायला आत्याचा मुलगा आला. आजोबांच्या डोळ्यांवर पडदा येत चालला होता. एका डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्यानं अजून माणूस ओळखू यायचं. आजोबांनी एवढंच सांगून पाठवलं होतं की, दिसतंय तोवर लेकीचं तोंड बघून घेतो. आत्याच्या मुलानं हे ओसरीवर बसून सांगितलं, भाकर खाल्ली आणि गेला.

आई रडली नाही. तिनं ज्वारी पाखडायला घेतली आणि दिवस मावळेपर्यंत तेच एक सूप पाखडत राहिली. वडील जेवताना म्हणाले की रास होऊ दे, मग बघू. पोटऱ्यातली कणसं तर आत्ता कुठं बाहेर पडत होती. रास व्हायला होळी उजाडणार होती आणि आजोबांचा डोळा तोवर दम धरेल का हे कुणीच बोललं नाही. मला मात्र त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. आई चुलीपुढं बसली की मी तिच्याकडे बघत बसायची आणि आजोबांना आता हे तोंड दिसणारच नाही का, असं मनात येत राहायचं.

आता शाळेचं सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते शाळेमुळं झालं. आमची शाळा उर्दू. मुली आम्ही तीन-चार, बाकी सगळी मुलं. शिकवायला एकच उस्ताद. त्यांचं मुसलमान घराणं कळमनुरीत पिढ्यान्‌पिढ्या अत्तर विकायचं आणि उस्तादांच्या शेरवानीलाही त्याचा वास यायचा. स्वतः ते परभणीच्या पलीकडे कधी गेले नव्हते. पण आफ्रिकेबद्दल असं बोलायचे की जणू तिकडं त्यांची सासुरवाडी आहे.

भूगोलाला ते जुगराफिया म्हणायचे आणि त्या तासाला माझ्या अंगात वारं शिरायचं. गणित चुकलं की छडी बसे. इतिहासातली माणसं सगळी मेलेली. भूगोलातलं मात्र सगळं अजून जागच्या जागी होतं. मी नील नदी पाठ करत असायची तेव्हा ती खरोखर वाहत असायची, याचं मला फार कौतुक वाटायचं. आणि शब्द तर काय एकेक होते. बेटाला जजीरा. दोन समुद्रांच्या मधून जमिनीची चिंचोळी पट्टी गेली तर ती खाकनाए. पावसानंतर अंगणात दोन डबकी साचली की त्यांच्यामधल्या चिखलावर उभी राहून मी 'खाकनाए' असं मोठ्यानं म्हणायची. यालाच मराठीत 'संयोगभूमी' म्हणतात हे मला पुष्कळ पुढं कळलं आणि तो शब्द मला बिलकूल आवडला नाही.

हे वेड घरीही सुटायचं नाही. भाकरी कडेनं कुरतडत मी तिचा हिंदुस्थान करायची. कन्याकुमारीचं टोक नीट साधेपर्यंत कालवण थंड होऊन जायचं, आणि लंका म्हणून एक तुकडा ताटात वेगळा ठेवावा लागायचा तो निराळाच. अन्नाशी खेळू नये म्हणून आई रागवायची. पण एकदा मी लंका ठेवायला विसरले तर तिनंच एक तुकडा मोडून ताटाच्या कडेला ठेवला.

उस्तादांची शिकवायची रीत न्यारी होती. सरकारी नकाशा ते कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचे. आधी ज्यानं त्यानं शाळेच्या खोलीचा नकाशा पाटीवर काढायचा, मग आपल्या घराचा, मग गल्लीचा. पाटीची वरची कड म्हणजे शुमाल, म्हणजे उत्तर. दिशा विचारल्या की मुसलमान पोरं पश्चिम झटकन दाखवायची, कारण घरातली मोठी माणसं नमाजाला तिकडं तोंड करायची. आम्हाला पूर्व पाठ होती, कारण सकाळी तुळशीला पाणी घालून उगवत्या सूर्याला हात जोडायची सवय. उस्ताद म्हणायचे, अर्ध्या दिशा यांच्याकडून घ्या, अर्ध्या त्यांच्याकडून, म्हणजे कुणाचंच अडणार नाही.

संक्रांतीच्या आधीचे दिवस होते. उस्तादांनी सांगितलं की आज आपापल्या ननिहालचा, म्हणजे आजोळचा, नकाशा काढा. त्यांचं म्हणणं असं की लेकराचा पहिला लांबचा प्रवास आजोळाचाच असतो आणि तो विसरत नाही. कुणाचं आजोळ हट्ट्याला, कुणाचं शिरड शहापूरला. एकाचं आजोळ शेजारच्याच गल्लीत होतं, तो बिचारा रुसून बसला. मी पाटीच्या खालच्या कोपऱ्यात कळमनुरीचा ठिपका काढला आणि तिथून रेघ ओढत निघाले. एक वीत हिंगोली, पुढं एक वीत मावशीचं गाव, पुढं एक वीत आजोळ. पाटी पुरेना. मी खडूनं जमिनीवरून रेघ पुढं नेली ती उंबरठ्यापर्यंत गेली. वर्ग हसायला लागला. कुणीतरी म्हणालं, हिचं आजोळ हैदराबादच्या पल्याड आहे.

उस्ताद हसले नाहीत. ते माझ्या रेघेपाशी उकिडवे बसले आणि विचारलं, रेघ सरळ का? मी म्हटलं, गाडी पुढंच जाते, मागं थोडीच येते. मग त्यांनी एक भलताच प्रश्न विचारला.

"बेटी, रोज सुबह गाडी निकलती थी, तब धूप किधर लगती थी?"

मी डोळे मिटले. मी तेव्हा पाच वर्षांची होते, पण ऊन विसरले नव्हते. पहिल्या दिवशी ते पाठीवर होतं. आईनं पहाटे मला न्हाऊ घातलं होतं आणि ओले केस पाठीवर पसरून वाळवले होते. दुसऱ्या दिवशी उजव्या गालावर होतं. मी गाडीत उजवीकडं बसायचा हट्ट केला होता आणि माझा कान भाजला म्हणून नंतर रडले होते. तिसऱ्या दिवशी थेट डोळ्यांत. आईनं आपला पदर पुढं ओढून आम्हा दोघींवर घेतला होता आणि आत सगळं लाल लाल दिसत होतं.

उस्ताद म्हणाले, आता तशी रेघ काढ. पाठीवर ऊन म्हणजे गाडी पश्चिमेला चालली. उजव्या गालावर म्हणजे उत्तरेला. डोळ्यांत म्हणजे पूर्वेला. मी जमिनीवर नवा ठिपका काढला आणि एक वीत डावीकडं गेले. तिथून एक वीत वर. तिथून एक वीत उजवीकडं. आणि माझा हात थांबला, कारण मी कळमनुरीच्या ठिपक्याच्या बरोबर डोक्यावर येऊन पोचले होते. चौकोनाच्या तीन बाजू आम्ही चाललो होतो. चौथी मोकळी होती, आणि तीही एकाच वितीची.

उस्ताद उठले. मग कपाट उघडून त्यांनी सरकारी नकाशा काढला, पैनगंगेवर बोट फिरवलं, दोऱ्यानं मोजलं. म्हणाले, थोडं इकडंतिकडं होईल, तुझा गाल काही होकायंत्र नाही. पण गाडीनं दिवसभराची वाट असावी. आणि मग ते स्वतःशीच हसले.

"घर के पिछवाड़े जाने के लिए तुम लोग पूरे गाँव का चक्कर लगाते हो."

मी घरापर्यंत पळत गेले. आई चुलीपाशी होती. मी राख पसरली आणि काडीनं तो चौकोन काढून दाखवला. ती म्हणाली, शाळेतलं शाळेत ठेव. मग तव्यावरची भाकरी उलटवायची राहिली आणि करपली. आई करपलेल्या भाकरीकडे न बघता म्हणाली, "परत काढ."

वडिलांना पटवणं सोपं नव्हतं. ते म्हणाले, कागदावर रेघ वढल्यानं रस्ता व्हत न्हाई. उत्तरेला नदीकडं जाणारी गाडीवाट त्यांना ठाऊक होती, एकदा बैल बघायला ते नदीपर्यंत गेलेही होते. पलीकडं काय आहे हे बघायचं त्यांना कारण पडलं नव्हतं. आईनं विचारलं की वाट आहे तर मग आपण तिनं का जात नाही. वडिलांनी जे उत्तर दिलं ते मी जन्मात विसरले नाही.

"वाट हाय, पन ती आपली न्हाई. त्या वाटंवर आपलं कोन हाय?"

आई शांतपणे म्हणाली, कुणी न्हाई म्हणूनच तर अडवून ठेवायला कुणी न्हाई. वडिलांना खरी भीती हिंगोलीच्या बहिणीची होती, हे आम्हाला सगळ्यांनाच कळत होतं.

पण चौकोन त्यांच्याही डोक्यात शिरला असावा. त्या दिवसांत ते ज्वारीतल्या माळ्यावर पाखरं हाकायला बसायचे. एका सकाळी थंडी कडाक्याची होती आणि हवा धुतल्यासारखी. त्यांनी मला हाक मारून वर घेतलं आणि उत्तरेला बोट दाखवलं. अगदी कडेला एक निळसर टेकडी दिसत होती, बैलाचं वशिंड असल्यासारखी. ते म्हणाले, तुझ्या आजाच्या गोठ्याच्या मागं अशीच एक टेकडी हाय. मग बराच वेळ कुणीच पाखरं हाकली नाहीत.

त्याच दिवशी ते उस्तादांना भेटायला गेले. मला वाटलं भांडतील. पण चांगले दोन तास बसून आले आणि घरी येऊन मलाच शिकवायला लागले, की सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही, थंडीत दक्षिणेकडे सरकतो. मी म्हटलं, ठाऊक आहे. पुढं कितीतरी दिवस जेवताना ते विचारायचे, मग त्या नकाशात औंढा कुठं बसतं, वारंगा कुठं बसतं. मी ताटात मीठ नि चटणी ठेवून दाखवायची. चाळिशीतल्या माणसाला नवं काही कळलं की त्याचं तोंड कसं दिसतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढं मी स्वतः शाळेत भूगोल शिकवला, पण असा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

राहता राहिली आत्या. वडील म्हणाले, थोरलीला काय सांगू, तुझ्या दारावरून न जाता गेलो म्हणून? तेव्हा आईनं, जी त्यांच्यापुढं कधी फार बोलत नसे, असा मुद्दा काढला की वकिलानं फी परत करावी. दारावरून गेलो आणि थांबलो नाही तर तो अपमान. दारावरून गेलोच नाही तर अपमान कसला? वडील खो खो हसले. तरीपण त्यांनी जाणाऱ्या माणसाबरोबर हिंगोलीला तिळगूळ आधी धाडून दिला. शहाणा माणूस धरणही बांधतो आणि होडीही ठेवतो.

राशीला अवकाश होता, बैल दोन-चार दिवस मोकळे करता येत होते. संक्रांत झाल्यावर एका पहाटे आम्ही निघालो. आईनं धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. उजाडलं तसं ऊन माझ्या उजव्या गालावर आलं आणि मी ते जाहीर केलं. थोड्या वेळानं पुन्हा जाहीर केलं. वडील म्हणाले, आता गालाला तेल लाव आणि गप बस.

दुपारच्या सुमाराला पैनगंगा आली. थंडीतली नदी, गाडीच्या आसाला जेमतेम पाणी. नदी ओलांडायच्या उताराजवळ नाक्यावरचा शिपाई गाठोडी तपासायला उठला. त्यानं आईला विचारलं, कुठं? ती म्हणाली, माहेरला. त्यानं गाठोड्याला हातही लावला नाही. नदीच्या मध्यावर मी वडिलांना विचारलं, आता आपण कुणाच्या राज्यात. ते म्हणाले, बैल इंग्रजांच्या, चाकं निजामाच्या. मी वाकून पाण्यात रेघ शोधली. तळाचे गोटे दोन्हीकडं सारखेच होते.

पलीकडच्या काठावर माझी फजिती झाली. वाटेला दोन फाटे फुटले आणि वडिलांनी, मोठ्या मानानं, मला विचारलं. मी म्हटलं, ऊन उजव्या गालावर पाहिजे. तसा उजवा फाटा धरला, गाल छान तापत होता, मी खुशीत होते, आणि थोड्याच वेळात समोर पुन्हा पैनगंगा. वडिलांनी गाडी थांबवली. आईनं विचारलं, दुपार झाली, सूर्य काय सकाळच्याच जागी बसून राहील का गं? नियम सकाळचा होता, मी तो दुपारी लावला होता. उस्तादांना हे सांगायचं नाही असं मी दोघांकडून कबूल करून घेतलं. वडिलांनी परत गेल्यावर पहिल्यांदा हेच सांगितलं.

गाडी वळवून डाव्या फाट्याला लागलो. एक बाभळबन आलं, मग एक ओढा. आई एकदम उठून उभी राहिली. तिनं गाडी थांबवायला लावली, खाली उतरली आणि ओढ्यातल्या एका सपाट दगडावर पाय ठेवून बघत राहिली. लहानपणी ती याच ओढ्यावर गुरं आणायची. गुरं नदीपर्यंतही जायची, आणि पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून मोठी माणसं सांगायची, ती मोगलाई, निजामाचा मुलूख, तिकडं जाऊ नये. लग्नात आईला मोगलाईत दिली तेव्हा वऱ्हाड गेलं मावळतीकडं, तीन दिवस. ही तीच मोगलाई असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. मोगलाई काय लहान होती?

"मले ठावं हाय आता," ती म्हणाली. "तुमी मागून या."

आणि ती बैलांच्या पुढं चालायला लागली. चालणं कसलं, जवळजवळ पळत होती. पदर खांद्यावरून घसरला होता आणि ती मध्येच वळून आम्हाला सांगत होती की हे अमक्याचं वावर, ही तमक्याची विहीर. एवढी मोठ्यानं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की आपण रडतोय हे मला वडिलांनी सांगितल्यावर कळलं.

गावात आम्ही रानाच्या बाजूनं शिरलो. लेकी तिकडून येत नसतात, म्हणून बायका बघत राहिल्या. दिवस मावळायला आला होता. आजोबा ओट्यावर बसले होते, मावळतीकडं तोंड करून, आमच्याकडे त्यांची कूस होती. आईनं "बाबा" म्हणून हाक मारली. त्यांनी आवाज आला तिकडं न वळता आधी समोरच हात पुढं केले, आणि आई बाजूनं जाऊन त्या हातांत शिरली. त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं, चांगल्या डोळ्याच्या अगदी जवळ नेलं आणि खूप वेळ पाहिलं. कपाळ, नाक, हनुवटी. वाळली वं, असं म्हणाले. म्हणजे दिसलं होतं. आम्ही ज्यासाठी आलो होतो ते झालं होतं.

पाय धुऊन झाले, गूळपाणी झालं. मग आलेल्या पाहुण्याला विचारतात तसं त्यांनी विचारलं,

"रातच्याले मुक्काम कुठी केला वं?"

"कुठीच नाई, बाबा. आज सकायीच निघालो."

त्यांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आईनं पुन्हा तेच सांगितलं. मग वडिलांनी सगळं समजावलं, नदी, उतार, गाडीवाट, आणि मला पुढं ओढून हिनं शोधलं म्हणाले. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आईला म्हणाले, म्हंजे तू नदीपल्याडच होती? आई हो म्हणाली. मग हळू आवाजात आजोबांनी सांगितलं की लेकीच्या लग्नाचं वऱ्हाड मावळतीकडं गेलं, तेव्हापासून रोज दिवस मावळताना ते याच ओट्यावर याच बाजूला तोंड करून बसायचे. लेक तिकडं आहे म्हणून. इतकी वर्षं भलतीकडंच पाहिलं, असं म्हणून ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या दोन्ही डोळ्यांना पाणी आलं, दिसणाऱ्याही आणि न दिसणाऱ्याही. आईनं त्यांचं डोकं आपल्या छातीशी धरलं, जसं माझं धरायची.

त्यानंतर आई दर वर्षी माहेरी गेली, कधी वर्षातून दोनदा. आत्या वर्षभर रुसली आणि मग एका दिवाळीला स्वतःच आमच्या गाडीत बसून त्या वाटेनं वऱ्हाड बघून आली. अठ्ठेचाळीस साली धामधुमीच्या महिन्यांत आम्ही घर बंद करून त्याच उतारानं नदी ओलांडली आणि सगळं निवळेपर्यंत आजोळी राहिलो.

आजोबांचा दुसरा डोळा आम्ही त्या वाटेनं पहिल्यांदा गेलो त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेला. पण आमच्या त्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपली बाज ओट्यावरून उचलून घराच्या दक्षिण अंगाला टाकायला लावली होती. तेव्हापासून शेवटपर्यंत ते रोज संध्याकाळी तिथं बसायचे, काही दिसत नसताना, नदीकडे तोंड करून. शेजारचे म्हातारे येऊन सांगायचे की दक्षिणेकडं तोंड करून बसू नये, ती यमाची दिशा आहे. आजोबांचं उत्तर ठरलेलं होतं.

"असंन यमाची. माही लेक राह्यते तिकडं."